रुपे, सोने आणि कर्जदार शेतकरी

१८९३ सालच्या जून महिन्याच्या २६ तारखेला सिमल्यास व्हाइसरॉयच्या कायदे कौन्सिलची बैठक भरली. हिंदुस्थानातील टांकसाळी खासगी चांदीला बंद करण्याचे विधेयक त्या बैठकीत मांडले गेले आणि त्याच बैठकीत संमतही झाले. तोवर कोणीही सराफ वा व्यापारी मुंबईच्या किंवा कलकत्त्याच्या टांकसाळीत चांदी घेऊन जाई आणि अल्पसा आकार भरून तिचे रुपये पाडून आणी. युरोपातील टांकसाळी यापूर्वीच बंद झालेल्या असल्यामुळे चांदीला एवढे मोठे मुक्त गिऱ्हाईक जगात दुसरे उरले नव्हते. ते एका दिवसात नाहीसे झाले. ही वार्ता तारेने न्यूयॉर्कला पोचली, आणि औंसाला ऐंशी सेंटांच्या वर असलेला चांदीचा भाव काही दिवसांतच पासष्टच्या आसपास येऊन ठेपला. कोलोरॅडो राज्यातील ॲस्पेन, लेडव्हिल, क्रीड या गावांतील खाणी आणि चांदी गाळण्याच्या भट्ट्या एकामागून एक थंड पडल्या. जुलैच्या मध्यास अवघ्या तीन दिवसांत डेन्व्हर शहरातील डझनभर बँकांनी दारे लावून घेतली.

सिमल्याच्या डोंगरावर झालेल्या एका कायद्याने अमेरिकेतील खाणकामगाराची चूल विझावी, हे वरवर पाहता चमत्कारिक वाटते. परंतु एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या पंचवीस वर्षांतील अमेरिकेचे राजकारण बव्हंशी या धातूभोवतीच फिरत होते. पाठ्यपुस्तकांत यादवी युद्ध आणि गुलामगिरीचा अंत येतो. त्यानंतर एकदम पहिले महायुद्ध येते. मधल्या काळाची ओळख कार्नेगी आणि रॉकफेलर यांच्या संपत्तीच्या कथांपुरतीच उरते. त्याच काळात तेथील लक्षावधी शेतकरी चलनासारख्या रूक्ष विषयावरची व्याख्याने उन्हातान्हात तासन्‌तास ऐकत होते, पत्रके विकत घेऊन वाचत होते, आणि अखेर हा प्रश्न त्यांनी राष्ट्राध्यक्षाच्या निवडणुकीपर्यंत नेऊन भिडवला, याची जाण फारशी आढळत नाही. पैसा कशाचा असावा आणि किती असावा, हा वाद त्यांनी तज्ज्ञांच्या दालनातून काढून चावडीवर आणला. त्यांचे अर्थशास्त्र कित्येक ठिकाणी कच्चे होते. त्यांची तक्रार मात्र कच्ची नव्हती.

अमेरिकेचे चलन १७९२ च्या कायद्यापासून द्विधातू होते. सोने आणि चांदी या दोन्ही धातूंची नाणी टांकसाळ पाडून देई आणि दोन्ही नाणी कर्जफेडीस सारखीच ग्राह्य असत. दोन धातूंचे परस्परप्रमाण प्रथम एकास पंधरा होते; १८३४ साली ते एकास सोळा इतके करण्यात आले. या प्रमाणात टांकसाळीपेक्षा बाजारात चांदीला किंचित अधिक किंमत येऊ लागली. साहजिकच चांदी टांकसाळीकडे फिरकेना, आणि १८४८ नंतर कॅलिफोर्नियाच्या सोन्याने तर व्यवहार भरूनच गेला. एक अख्खी पिढी चांदीचा डॉलर न पाहता वाढली. पुढे यादवी युद्धाच्या खर्चासाठी १८६२ पासून सरकारने हिरव्या पाठीच्या कागदी नोटा काढल्या. त्या धातूत बदलून मिळत नसत. महागाई झाली, पण पैसा मुबलक होता, आणि त्याच पैशात अनेकांनी कर्जे काढली.

युद्धानंतर धातूच्या चलनाकडे परतण्याची तयारी सुरू झाली. त्या ओघात १८७३ साली टांकसाळीसंबंधी एक लांबलचक कायदा झाला आणि १२ फेब्रुवारी रोजी अध्यक्ष ग्रँट यांनी त्यावर सही केली. टांकसाळीने कोणकोणती नाणी पाडावीत याची यादी त्यात होती. त्या यादीत चांदीचा प्रमाण डॉलर नव्हता. त्या दिवशी याची दखल क्वचितच कोणी घेतली असेल, कारण जे नाणे चलनात दिसतच नव्हते ते गेल्याचे दुःख कोणाला व्हावे? पण याच सुमारास जर्मनीने चांदी सोडून सोने पत्करले होते, फ्रान्स आणि त्याची सोबती राष्ट्रे चांदीची नाणी पाडणे आवरते घेत होती, आणि नेवाडातील खाणी चांदी ओकत होत्या. पुरवठा वाढला, मागणी आटली, आणि चांदी स्वस्त होऊ लागली. आता ती टांकसाळीत नेण्यात लाभ होता. टांकसाळीचे दार मात्र नुकतेच बंद झालेले होते.

हेच ते पुढे गाजलेले ‘७३ सालचे पातक’. लंडनच्या सावकारांनी लाच देऊन हा कायदा करवून घेतला, अशी वदंता वर्षानुवर्षे खेडोपाडी सांगितली गेली. तिला पुरावा नाही. विधेयक काँग्रेससमोर जवळजवळ तीन वर्षे पडून होते. कोणालाही ते वाचता आले असते. परंतु सगळेच आंधळेपणाने घडले, असेही म्हणता येत नाही. चांदी घसरणार हे टांकसाळ खात्यातील जाणत्या अधिकाऱ्यांना दिसत होते, आणि ती घसरण्यापूर्वीच तिची वाट अडवावी असा त्यांचा हेतू होता, हे नंतरच्या अभ्यासकांनी दाखवून दिले आहे. लाचलुचपत नव्हती; दूरदृष्टी होती, आणि ती धनकोच्या बाजूची होती.

या कायद्याचे फळ कोणाच्या पदरात पडले हे समजण्यास थोडे अंकगणित पुरेसे आहे. कॅन्ससमधल्या एखाद्या शेतकऱ्याने जमीन गहाण टाकून हजार डॉलर उचलले. गव्हाचा भाव बुशेलला एक डॉलर असताना त्याच्या लेखी ते हजार बुशेलांचे कर्ज होते. पुढे दरसाल त्याने व्याज भरले, मुद्दल तसेच राहिले. १८९४ साली गव्हाचा भाव पन्नास सेंटांवर आला. कागदावरचे कर्ज तेच हजार डॉलर, पण आता ते फेडण्यास दोन हजार बुशेल लागणार. त्याने ऋणपत्रावर सही केली तेव्हा त्यात हे दुसरे हजार बुशेल लिहिलेले नव्हते. ते चलनाने लिहिले. सावकाराने त्यासाठी काही केले नाही, शेतकऱ्यानेही काही केले नाही. मोजमापाची काठीच दरवर्षी थोडी थोडी लांब होत गेली, आणि माप मात्र जुन्याच आकड्यात घेतले गेले. १८७९ पासून धातूत फेड पुन्हा सुरू झाली, सोन्याचा साठा व्यापाराच्या वाढीला पुरेना, आणि १८९६ पर्यंत अमेरिकेतील भावांची सर्वसाधारण पातळी जवळजवळ अखंड उतरत राहिली. चलनवाढीने नाडलेल्या वाचकाला भाव उतरणे ही इष्टापत्ती वाटेल. पगार बांधलेला आणि डोक्यावर कर्ज नसलेला असेल तर ती तशी असतेही. कर्जदार उत्पादकासाठी ती गळफासासारखी आवळत जाते.

या मांडणीला पूर्वेकडील अर्थपंडितांचे उत्तर तयार असे. भाव उतरले ते चलनामुळे नव्हे, तर यंत्रांमुळे, रेल्वेमुळे आणि नव्या जमिनींमुळे, असे ते सांगत. त्यात बरेच तथ्य होते. १८६२ च्या कायद्याने १६० एकरांची वसाहत जवळजवळ फुकट मिळू लागल्यावर मिसिसिपीपलीकडील प्रचंड प्रदेश नांगराखाली आला, आणि लिव्हरपूलच्या बाजारात रशियाचा, अर्जेंटिनाचा व हिंदुस्थानचाही गहू उतरू लागला. वाहतूक स्वस्त झाल्याने भाव पडूनही काही शेतकऱ्यांचे उत्पन्न टिकले. पण पिकेल ते जास्त म्हणून गव्हाचा भाव पडला असे मानले, तर त्याच वर्षांत लोखंड, कापड, लाकूड असे सगळेच का पडले, याचे उत्तर एकट्या गव्हापाशी नाही. शिवाय हिंदुस्थानच्या गव्हाचा मुद्दा उलटून त्यांच्यावरच येत होता. रुपया चांदीचा होता. चांदी जसजशी घसरे तसतशी रुपयाची हुंडणावळ घसरे, आणि हिंदुस्थानचा गहू व कापूस लिव्हरपूलला सोन्याच्या हिशेबात स्वस्त पडे. आपल्या सरकारने चांदीला दाराबाहेर काढले आणि तीच चांदी पंजाबच्या शेतकऱ्याच्या हातून आपल्याशी स्पर्धा करीत परत आली, असे चांदीचे पक्षपाती सांगत. तर्क थोडा ताणलेला होता; निराधार नव्हता.

दक्षिणेकडील राज्यांत दैन्य आणखी गडद होते. तेथे युद्धानंतर बँका जवळजवळ उरल्या नव्हत्या. गावचा दुकानदारच सावकार झाला. उभ्या पिकावर बोजा चढवून तो बी, खत, पीठ उधार देई. रोखीचा भाव वेगळा, उधारीचा वेगळा. हिशेबाची वही त्याच्याच हाती. कापसाचा भाव पडला की वर्षअखेर बाकी निघेच, आणि बाकी निघाली की पुढच्या वर्षीही त्याच दुकानात जाणे भाग. या वहीत गोऱ्या कुळाचे नाव होते तसेच नुकत्याच मुक्त झालेल्या काळ्या कुळाचेही होते. दोघांचे दुःख एक असूनही दोघांच्या संघटना मात्र निराळ्या राहिल्या. पुढे काही नेत्यांनी ही भिंत ओलांडण्याचा प्रयत्न केला, पण तो अर्ध्यातच सोडला. त्या चळवळीवरचा हा डाग पुसून काढण्याचे कारण नाही.

शेतकऱ्यांचे संघ १८८० नंतर झपाट्याने वाढले. त्यांनी सहकारी खरेदी-विक्री करून पाहिली. भांडवलाअभावी ती मोडली. तेव्हा टेक्सासमधील चळवळीतून पुढे आलेले चार्ल्स मॅक्यून यांनी १८८९ साली एक योजना मांडली. सुगीच्या वेळी सर्वांचा माल एकदम बाजारात येतो आणि भाव कोसळतो. म्हणून सरकारने जिल्ह्याजिल्ह्यांत वखारी बांधाव्यात, शेतकऱ्याने माल तेथे ठेवावा, आणि त्याच्या किमतीच्या ऐंशी टक्क्यांपर्यंत सरकारने नाममात्र व्याजाने नोटा उसन्या द्याव्यात, असा तिचा गाभा होता. त्या वेळी वॉशिंग्टनने या योजनेची टर उडवली. वखारपावतीवर कर्ज देण्याची पद्धत ज्यांच्या नित्याच्या परिचयाची आहे त्यांना यात हसण्यासारखे काय होते, असा प्रश्न पडावा. वस्तुतः चांदीपेक्षा हीच कल्पना अधिक सकस होती. पण वखारीची योजना समजावून सांगावी लागे; चांदी हा एक शब्द पुरे होई. शिवाय चांदीच्या पाठीशी खाणमालकांचा पैसा होता. चळवळींचे असे अनेकदा होते. सोपी घोषणा उरते आणि अवघड विचार वाटेत गळून पडतो.

या संघांतूनच लोकपक्ष उभा राहिला. १८९२ च्या ४ जुलैला ओमाहा येथे त्याने जाहीरनामा संमत केला. एकास सोळा या प्रमाणात चांदीचे मुक्त टंकन, दरडोई निदान पन्नास डॉलर चलन, चढत्या दराचा प्राप्तिकर, टपाल खात्याच्या बचत बँका, रेल्वे आणि तारयंत्रांची सरकारी मालकी, अशा मागण्या त्यात होत्या. पक्षाचे उमेदवार जेम्स वीव्हर यांना दहा लाखांवर मते पडली. नव्या पक्षाला हे यश थोडे नव्हते.

सरकार मधल्या काळात अर्धेमुर्धे उपाय करीत होते. १८७८ च्या कायद्याने दरमहा वीस ते चाळीस लाख डॉलरची चांदी खरेदी करण्याचे बंधन खजिन्यावर आले. १८९० च्या शर्मन कायद्याने ते दरमहा ४५ लाख औंसांपर्यंत वाढले. चांदी घेऊन दिलेल्या नोटा लोक सोन्यात बदलून मागू शकत, आणि मागू लागले. खजिन्यातील दहा कोटी डॉलरची सुवर्णगंगाजळी ही विश्वासाची खूण मानली जाई. १८९३ च्या एप्रिलमध्ये साठा त्या रेषेखाली उतरला. फेब्रुवारीत एक बडी रेल्वे कंपनी आधीच बुडाली होती. मे महिन्यात भागबाजार कोसळला. अशा वेळी जूनअखेर सिमल्याची तार आली. चार दिवसांनी, ३० जूनला, अध्यक्ष ग्रोव्हर क्लीव्हलंड यांनी शर्मन कायदा रद्द करण्यासाठी काँग्रेसचे खास अधिवेशन बोलावले.

आणि त्याच रात्री ते स्वतः एका खासगी नौकेवर चढून अदृश्य झाले. त्यांच्या टाळूला कर्करोग झाल्याचे निदान होते. समुद्रावर, नौकेच्या दिवाणखान्यात, शस्त्रवैद्यांनी त्यांच्या वरच्या जबड्याचा भाग कापून काढला. एवढी गुप्तता कशासाठी, तर उपाध्यक्ष ॲडलाय स्टीव्हन्सन चांदीचे पक्षपाती होते. अध्यक्षांच्या प्रकृतीची वार्ता फुटली असती तर सोन्यासाठी खजिन्यावर झुंबड उडाली असती. एका पत्रकाराने ऑगस्टमध्ये खरी हकीकत छापली, तर त्यालाच खोटे ठरवण्यात आले. शस्त्रक्रियेत हजर असलेल्या डॉक्टरांपैकी एकाने सगळा वृत्तांत प्रसिद्ध केला तो १९१७ साली. एका मनुष्याच्या टाळूवर राष्ट्राची पत टांगलेली असावी, यातच त्या चलनव्यवस्थेचे दुबळेपण दिसते.

कायदा रद्द झाला, पण सहजासहजी नाही. सिनेटमध्ये चांदीवाल्यांनी दोन महिने वाद लांबवला. नेब्रास्काचे विल्यम ॲलन हे लोकपक्षाचे सभासद एकदा सलग जवळजवळ पंधरा तास बोलत राहिले. १ नोव्हेंबरला अध्यक्षांची सही झाली. सिमल्यास जे एका बैठकीत उरकले, त्याला वॉशिंग्टनला अख्खा शरद ऋतू लागला. अमेरिकन शेतकरी हरला, परंतु त्याचे म्हणणे कामकाजात नोंदले गेले. हिंदुस्थानच्या रयतेचे म्हणणे कोणी विचारलेच नाही.

शर्मन कायदा गेल्याने मंदी हटेल असे सांगण्यात आले होते. ती हटली नाही. त्या एका वर्षात पाचशेच्या वर बँका बुडाल्या, पुढील तीन-चार वर्षे बेकारी दहा टक्क्यांच्या वर राहिली. १८९४ च्या ईस्टरच्या दिवशी ओहायोतील एक खाणमालक जेकब कॉक्सी बेकारांची दिंडी घेऊन वॉशिंग्टनला निघाला. सरकारने पन्नास कोटी डॉलरच्या नोटा छापाव्यात आणि त्यांतून रस्ते बांधून लोकांना काम द्यावे, एवढीच त्याची मागणी. १ मे रोजी सुमारे पाचशे लोक राजधानीत पोचले. कॉक्सीला संसदभवनाच्या पायऱ्यांवर भाषण करू दिले नाही. हिरवळ तुडवल्याच्या गुन्ह्यावरून वीस दिवसांची कैद दिली. त्याच उन्हाळ्यात शिकागोजवळील पुलमन कारखान्याचा संप लष्कर आणून मोडण्यात आला. १८९५ च्या फेब्रुवारीत खजिन्यातील सोने पाच कोटी डॉलरच्याही खाली गेले, तेव्हा सरकारला जे. पी. मॉर्गन यांच्या पेढीच्या दारी जावे लागले. मॉर्गन आणि त्यांचे युरोपीय सहकारी यांनी रोखे घेऊन सोने आणून दिले, खजिना सावरला, आणि त्या व्यवहारात चांगला नफाही कमावला. लोकशाही सरकारची पत एका खासगी पेढीने राखावी, ही गोष्ट क्लीव्हलंड यांच्या स्वतःच्या पक्षालाही रुचली नाही.

म्हणूनच १८९६ च्या जुलैत शिकागोला डेमोक्रॅटिक पक्षाचे अधिवेशन भरले तेव्हा तो पक्ष आपल्याच अध्यक्षाविरुद्ध उठला. ९ जुलैला नेब्रास्काचे विल्यम जेनिंग्ज ब्रायन बोलायला उभे राहिले. वय अवघे ३६. मानवजातीला सोन्याच्या क्रुसावर चढवू देणार नाही, अशा आशयाने त्यांनी भाषण संपवले, दोन्ही हात क्रुसासारखे पसरून क्षणभर स्तब्ध उभे राहिले, आणि सभागृह बेभान झाले. दुसऱ्या दिवशी ते पक्षाचे उमेदवार होते. लोकपक्षानेही त्यांनाच पाठिंबा दिला आणि जवळजवळ आपले स्वतंत्र अस्तित्व त्यांच्या स्वाधीन केले.

ब्रायन यांनी रेल्वेने अठरा हजार मैल प्रवास केला, सहाशेच्या आसपास भाषणे केली. रिपब्लिकन उमेदवार विल्यम मॅकिन्ले ओहायोतील कँटन गावी आपल्या घराच्या ओसरीवरच बसले. लोकांनाच आगगाड्या भरभरून त्यांच्या अंगणात आणले गेले. ही व्यवस्था मार्क हॅना या उद्योगपतीची. स्टँडर्ड ऑइल आणि मॉर्गन यांच्याकडून अडीच-अडीच लाख डॉलर आले. एकूण निधी पस्तीस लाखांच्या घरात गेला. ब्रायन यांच्यापाशी त्याचा लहानसा अंश होता. निवडणुकीत पैशाने काय करता येते याचा आधुनिक धडा तेथून सुरू होतो. ब्रायन निवडून आले तर कारखाना उघडणार नाही, असेही काही मालकांनी मजुरांना बजावले.

परंतु पैसा आणि धाकदपटशा यांवरच पराभवाचे खापर फोडणे बरोबर नाही. ब्रायन यांच्या मांडणीतच एक फट होती. चांदी आली म्हणजे गहू महाग होणार, हे शेतकऱ्याला सांगायला ठीक. पण पिट्सबर्गच्या लोखंडकामगाराला त्याचा अर्थ पाव महाग होणार एवढाच. मजुरी भावांच्या मागून लंगडत येते, हे त्याला पुस्तक न वाचताही ठाऊक होते. त्याला चांदीच्या राज्यात काय मिळणार, याचे उत्तर ब्रायन यांनी कधीच नीट दिले नाही. ऋणको शेतकरी आणि वेतनजीवी कामगार हे दोघेही पिळले जात होते, पण एकाच दोरीने नव्हे.

यात आणखी एक योगायोग घडला, आणि त्याचे सूत्र पुन्हा हिंदुस्थानातच सापडते. १८९६ च्या पावसाळ्याने हिंदुस्थानात दगा दिला. पीक बुडाले आणि गहू निर्यात करणारा देश गहू मागवू लागला. अन्य काही देशांतही पीक ओढीचे होते. उन्हाळ्याच्या अखेरीस साठ सेंटांखाली गेलेला शिकागोचा भाव निवडणुकीच्या सुमारास सत्तरच्या वर चढला. चांदी नसतानाही गहू वधारतो, हे मॅकिन्ले यांच्या प्रचारकांना आयतेच मिळाले. इकडे लोक अन्नान्न करीत होते, आणि त्या दुष्काळाच्या वार्तेने तिकडे आयोवा-मिनेसोटातील काही मते फिरवली. ३ नोव्हेंबरला मॅकिन्ले २७१ विरुद्ध १७६ निर्वाचक मतांनी विजयी झाले. दक्षिण आणि डोंगराळ पश्चिम ब्रायन यांच्याकडे गेली. ईशान्येतील एकही राज्य त्यांना मिळाले नाही.

शेतकऱ्याला जे मतपेटीने दिले नाही ते पुढे भूगर्भाने दिले. ट्रान्सव्हालमध्ये १८८६ साली सापडलेल्या सोन्याच्या खडकांतून सायनाइडच्या रसायनाने हलके सोनेही काढता येऊ लागले. ब्रायन उमेदवार झाले त्याच वर्षी कॅनडातील क्लोंडाइकला सोने लागले. जगाचे वार्षिक सुवर्णोत्पादन त्या दशकात दुपटीहून वाढले, आणि १८९७ पासून भाव हळूहळू चढू लागले. १९०९ च्या सुमारास गहू पुन्हा डॉलरच्या घरात आला. १९०० साली कायद्याने सुवर्णमानावर शिक्कामोर्तब झाले तेव्हा त्याविरुद्ध पूर्वीसारखी ओरड उठली नाही. यात विरोधाभास असा की, पैसा वाढला की भाव सावरतात हे ब्रायन यांचे म्हणणे सोन्यानेच खरे करून दाखवले.

मिल्टन फ्रीडमन यांच्यासारख्या, कोणत्याही अर्थी लोकपक्षाचे न म्हणता येणाऱ्या अर्थशास्त्रज्ञाने १९९० साली या प्रकरणाचा फेरविचार केला. १८७३ साली चांदीला दार बंद करणे ही चूक होती आणि द्विधातू चलन राहते तर भाव अधिक स्थिर राहिले असते, असा निष्कर्ष त्यांनी काढला. मात्र १८९६ पर्यंत वेळ निघून गेली होती. हा निवाडा मान्य करण्यासारखा आहे. १८९६ मध्ये एका डॉलरच्या नाण्यात बावन्न-त्रेपन्न सेंटांची चांदी होती; बाजारात प्रमाण एकास तीस असताना टांकसाळीत एकास सोळा लावले असते तर सोने देशाबाहेर पळाले असते आणि दुसरीच घबराट माजली असती. रोग ओळखला होता, पण औषध वीस वर्षे उशिरा मागितले गेले. ओमाहाच्या इतर मागण्यांचे नशीब बरे ठरले. टपाल बचत बँका १९१० मध्ये आल्या, प्राप्तिकराची घटनादुरुस्ती १९१३ मध्ये झाली, त्याच वर्षी मध्यवर्ती राखीव बँकांची व्यवस्था उभी राहून चलनात लवचिकता आली, आणि १९१६ मध्ये वखारींचा कायदाही झाला.

योगायोगाने त्याच १९१३ च्या जुलैत डॉ. बाबासाहेब आंबेडकर कोलंबिया विद्यापीठात शिकण्यासाठी न्यूयॉर्कला उतरले. दहा वर्षांनी लंडनमध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या रुपयाच्या प्रश्नावरील प्रबंधात १८७३ नंतरची चांदीची घसरण आणि १८९३ ची टांकसाळबंदी यांची सविस्तर चिकित्सा आहे. रुपयाची हुंडणावळ स्थिर राहणे आणि त्याची खरेदीशक्ती स्थिर राहणे या भिन्न गोष्टी आहेत, आणि सामान्य माणसाचा संबंध दुसरीशी येतो, हे त्यांनी ठासून मांडले. हिंदुस्थान सरकारचे लक्ष पहिलीवर होते आणि त्याचे कारण उघड होते. विलायतेस दरसाल दीड कोटी पौंडांहून अधिक रक्कम सोन्यात पाठवावी लागे. १८७३ च्या सुमारास बावीस पेन्सांचा असलेला रुपया १८९२-९३ साली पंधरा पेन्सांखाली आला, म्हणजे तेवढ्याच पौंडांसाठी दीडपट रुपये. टांकसाळी बंद करून रुपयांची टंचाई निर्माण केली की हुंडणावळ चढेल, हा हिशेब होता. ती १८९८ पर्यंत सोळा पेन्सांवर चढलीही. मधल्या काळात युरोपीय अधिकाऱ्यांना हुंडणावळीच्या तोट्यापोटी भत्ता सुरू झाला. मुंबईच्या गिरण्यांचे सूत मात्र चांदीवर चालणाऱ्या चीनमध्ये महाग पडू लागले.

सर्वांत मोठा फटका बसला तो घरातल्या दागिन्याला. दख्खनच्या कुणब्याची बचत त्याच्या बायकोच्या हातापायांत असे. टांकसाळ खुली असताना तोळाभर चांदी म्हणजे जवळजवळ रुपया. टांकसाळ बंद झाल्यावर नाणे आणि धातू यांची फारकत झाली. रुपया सोळा पेन्सांचा राहिला, पण त्यातील चांदी जेमतेम दहा-अकरा पेन्सांची. १८९६-९७ आणि १८९९-१९०० च्या दुष्काळांत वाळे आणि गोठ मोडीत निघाले तेव्हा तोळ्याला दहा-अकरा आण्यांपलीकडे मिळणे कठीण होते. सारा मात्र पूर्वीइतक्याच, आणि आता महाग झालेल्या, रुपयांत भरायचा होता. टांकसाळबंदीने रुपया कृत्रिमरीत्या महाग केला आणि त्यामुळे कराचा खरा बोजा वाढला, हे दादाभाई नौरोजींनी १८९८ च्या चलनसमितीपुढे मांडले. कॅन्ससच्या शेतकऱ्याची तक्रार आणि ही तक्रार एकाच जातीची होती. एकाला सावकाराचे देणे वाढले, दुसऱ्याला सरकारचेही.

१९०२ च्या मार्चमध्ये गोपाळ कृष्ण गोखले यांनी कायदे कौन्सिलात अंदाजपत्रकावर पहिले भाषण केले. देश दुष्काळाने खचलेला असताना खजिन्यात लागोपाठ शिलकी कशा पडतात, हा त्यांचा प्रश्न होता. रुपया तेरा पेन्सांवर होता तेव्हा बसवलेले कर तो सोळा पेन्सांचा झाल्यावरही तसेच ठेवले, ही शिल्लक त्यातून आली, असे त्यांनी आकड्यांनिशी दाखवले, आणि मिठावरील कर कमी करण्याची मागणी केली. मताधिकार नव्हता, होते ते एवढेच भाषण. पुढच्या वर्षीच्या अंदाजपत्रकात मिठाचा कर मणामागे अडीच रुपयांवरून दोन रुपयांवर आणण्यात आला.